जांभ्यावरचा जांभा

पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्याच वाक्याला मी अडकले. मूळ इंग्रजी वाक्यात अवघड काही नव्हतं. जांभ्या दगडाच्या पठारांच्या उतारावर झायलिया झायलोकार्पा नावाचं झाड जास्त आढळतं, एवढंच त्यात म्हटलं होतं. या झाडाला मराठीत जांभा म्हणतात. दगडही जांभा आणि झाडही जांभा. मी लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं, "जांभ्याच्या उतारावर जांभा जास्त आढळतो." मूळ पुस्तक न पाहिलेल्या माणसाला यातून काय कळणार?

पुस्तक गोव्याच्या रानातली झाडं, प्राणी, साप, मासे यांची ओळख करून देणारं, अडीचशेच्या आसपास पानांचं. ते मराठीत आणायचं होतं, शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि वनरक्षकांसाठी. मी फोंड्याला राहते, भाषांतराचं काम बरीच वर्षं करते आणि बीएस्सीला वनस्पतीशास्त्र होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. चार महिन्यांत होईल असं वाटलं होतं, अकरा महिने लागले. मजकुराने फार त्रास दिला नाही. सगळा वेळ खाल्ला तो नावांनी. (हस्तलिखितात मी लॅटिन नावं रोमन अक्षरांतच ठेवली होती. इथे सगळं देवनागरीत लिहिते आहे.)

जीवशास्त्रावर इंग्रजीत लिहिणारा माणूस लॅटिन नाव सरळ कर्त्याच्या जागी बसवतो. झायलिया झायलोकार्पा वाढतं, टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा फुलतं, बॉस गॉरस चरतो. इंग्रजीत नावाला काही चिकटवावं लागत नाही. मराठीत विभक्तीशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. सुरुवातीच्या मसुद्यात मी रोमन नावाला लागूनच 'च्या', 'ला', 'ने' लावले. छापील पान काढून बघितलं तर एका ओळीच्या शेवटी रोमन नाव संपलेलं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'च्या' एकटाच. दुसरी अडचण लिंगाची. टर्मिनॅलिया फुलली, फुलला की फुललं? लॅटिनमध्ये नावाच्या दोन शब्दांचा आपसात मेळ असतो. कोकमाचं झाड गार्सिनिया इंडिका, पण तीळ सेसमम इंडिकम. चिंच टॅमरिंडस इंडिका, म्हणजे शेवटी 'अस' असूनही स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी मानतात. तो मेळ त्या भाषेच्या आतला आहे. मराठी क्रियापदाला तो दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या मसुद्यात ठरवलं की लॅटिन नावाला एकही प्रत्यय लावायचा नाही. वाक्य मराठी नावावर उभं राहील आणि लॅटिन नाव शेजारी कंसात, पहिल्या उल्लेखाला एकदाच. "किंदळीच्या शेंड्यांवर" असं लिहायचं आणि किंदळ म्हणजे टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा हे कंसात. हे ठरल्यावर वाक्यं एकदम श्वास घ्यायला लागली. पण त्याच क्षणी खरा प्रश्न समोर आला. मराठी नाव म्हणजे कुठलं मराठी नाव?

किंदळ हे गोव्याचं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी किंजळ म्हणतात. आमची भिरंड, तिकडे रातांबा किंवा कोकम. आमचा चोणक म्हणजे अलिबागचा जिताडा. गोव्याचा राज्यमासा शेवटो, तिकडे बोय. इसवणीला सुरमई म्हणतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण बाकीच्या जोड्या फोंड्यात बसून नुसत्या शब्दकोशातून जुळत नाहीत.

एका शनिवारी सकाळी पुस्तकातली चित्रं फोनवर घेऊन मासळी बाजारात गेले. मासेवालीने लॅटेस कॅल्कॅरिफरचं चित्र बघितल्याबरोबर चोणक म्हणून सांगितलं. मग मी दोन चित्रं शेजारी धरली, स्कॉम्बेरोमोरस वंशातल्या दोन वेगळ्या प्रजाती, एकीच्या अंगावर उभे पट्टे आणि दुसरीच्या अंगावर गोल ठिपके. दोन्हींना तिने इसवणच म्हटलं. मी म्हटलं, यात फरक आहे ना? ती म्हणाली, फरक आहे, पण इसवणच. तिचं बरोबर होतं. तिचं नाव दोन प्रजातींना पुरून उरतं, आणि पुस्तकात मला दोन प्रजाती दोन जागी ओळखू यायला हव्या होत्या. शेवटी "पट्ट्यांची इसवण" आणि "ठिपक्यांची इसवण" असं लिहिलं, आणि ही विशेषणं माझी आहेत, बाजारातली नाहीत, अशी तळटीप दिली. अनुवादकाने नाव बनवायला हरकत नाही, पण ते लोकांच्या तोंडचं आहे असं भासवायचं नाही, इतकं मी पाळलं.

लॅटिन नावातला पहिला शब्द वंशाचा (इंग्रजीत जीनस), आणि दोन्ही शब्द मिळून प्रजातीचं (स्पीशीज) नाव होतं. वंश आणि प्रजाती हे शब्दही आधी ठरवावे लागले होते. जुन्या मराठी पुस्तकांत काही ठिकाणी प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असं वापरलेलं आहे. आजचा वाचक वर्तमानपत्रात "दुर्मीळ प्रजाती" वाचतो तेव्हा त्याच्या मनात स्पीशीजच असतं. मी वाचकाबरोबर गेले आणि प्रस्तावनेत दोन ओळींत ते सांगून टाकलं.

मे महिन्यात सत्तरी तालुक्यात माहेरी गेले तेव्हा माट्टीचा घोळ लक्षात आला. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. पहिल्या प्रकरणात तो टर्मिनॅलिया इलिप्टिका या नावाने होता. दुसऱ्या प्रकरणात टर्मिनॅलिया टोमेंटोसा आली, मी शब्दकोश बघून "ऐन" लिहिलं. पाचव्यात टर्मिनॅलिया क्रेन्युलाटा आली, तिथे कुठल्याशा यादीवरून पुन्हा "माट्टी". अंगणात बसून आम्ही छापील पानं बघत होतो. काकांनी ऐनाच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, ही माट्टीच. सावंतवाडीकडे हिला ऐन म्हणतात. तू दोन झाडं केलीस एकाची." मग मला हाताला धरून घरामागे नेलं. माट्टीची साल मी लहानपणापासून बघत आले आहे, पण त्या दिवशी जवळून बघितली. काळपट, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोन चौकोन झालेली, अगदी मगरीच्या पाठीसारखी. काका म्हणाले, उन्हाळ्यात हिच्या खोडात पाणी साठलेलं असतं, जुनी माणसं रानात टोचा मारून ते पीत.

घरी येऊन लंडनच्या क्यू उद्यानाची वनस्पतींची ऑनलाइन यादी उघडली. टोमेंटोसा, क्रेन्युलाटा, अलाटा, इलिप्टिका, सगळी एकाच झाडाची जुनी-नवी नावं. वेगवेगळ्या काळातले संदर्भ वापरल्यामुळे लेखकांच्याच हातून एक झाड तीन नावांनी आलं होतं, आणि मी त्याची मराठीत दोन झाडं करून टाकली होती. एखादा शिक्षक हे वाचून वर्गात सांगणार, की आपल्या रानात माट्टी आहे आणि शिवाय ऐनही आहे. त्या रात्री मी तक्ता करायला घेतला. एका रकान्यात मूळ पुस्तकातलं नाव, दुसऱ्यात आजचं मान्य नाव, तिसऱ्यात गोव्यातलं, चौथ्यात महाराष्ट्रातलं, शेवटी पान क्रमांक. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जीवशास्त्राचं भाषांतर करणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगते, की मजकुराला हात लावायच्या आधी नावांचा तक्ता कर.

त्या तक्त्यामुळेच संपादकांशी झालेला वाद सुटला. ते पुण्याचे, कामाला चोख, पण गोव्याची नावं त्यांना खटकत होती. फोनवर म्हणाले, "ताई, भिरंड, चोणक, माट्टी, हे पुण्याच्या वाचकाला कसं कळणार? प्रमाण नावं घ्या ना." मी म्हटलं, "सर, पुस्तक डिचोलीच्या शाळेत जाणार आहे. तिथल्या मुलाच्या घरी भिरंडीचं झाड आहे, ते त्याला रातांबा म्हणून शिकवायचं का? पुण्याच्या वाचकासाठी शेजारी लॅटिन नाव आहे, आणि सूचीत दोन्ही मराठी नावं आहेत." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सूची मोठी होईल. झाली, सोळा पानांची झाली. पण एकही गोव्याचं नाव मला टाकावं लागलं नाही. लॅटिन नाव म्हणजे परका जड दगड असं मी विद्यार्थिदशेत मानत असे. इथे त्याच नावाच्या जोरावर माझ्या गावचं नाव पानावर टिकलं.

भिरंडीवरून आठवलं. गार्सिनिया हा शब्द बघून मी तळटीप लिहिली होती, की हे नाव गार्सिया द ओर्ता याच्यावरून आलं. कोणाही गोवेकराला तसंच वाटेल. 1534 मध्ये तो वैद्य म्हणून गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि पणजीच्या नगरपालिकेच्या बागेला त्याचं नाव आहे. पण गार्सिनिया हे नाव लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातल्या वनस्पतीशास्त्रज्ञावरून आहे. गार्सिया द ओर्ताशी त्या नावाचा काही संबंध नाही. तळटीप छापायला जाण्याआधी हे तपासलं गेलं म्हणून वाचले. त्यानंतर एकाही नावाचा अर्थ मी तपासल्याशिवाय लिहिला नाही.

अर्थ सगळीकडे द्यायचाही नाही, हे हळूहळू कळलं. "भारतीय गार्सिनिया" असं अर्धं भाषांतर केलं तर ते ना नाव राहतं ना वर्णन. अर्थ दिला तो जिथे वाचकाचा काही फायदा आहे तिथेच. काजूचं नाव ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाली, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पश्चिमेचा. काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर इथे आला हे मुलांना शिकवायला त्या एका शब्दाची मदत होते. आणि आपले शब्द लॅटिनचा वेश घालून बसलेत तिथे मी हमखास टीप दिली. नागाचं नाव नाजा नाजा, त्यात आपला नागच आहे. अशोकाचं सराका असोका. काटेसावरीचं जुनं नाव साल्मालिया मलबारिका, म्हणजे संस्कृतातली शाल्मली. आजचं मान्य नाव बॉम्बॅक्स सायबा. नियमाप्रमाणे आजचंच द्यायला हवं आणि तेच दिलं, पण शाल्मली हातची जाते याचं मला मनापासून वाईट वाटलं. सूचीत जुनं नावही ठेवलं.

काम चालू असतानाच 2024 मध्ये किंग कोब्राचं नाव बदललं. तोवर सगळा किंग कोब्रा ऑफिओफॅगस हॅना या एकाच नावाने ओळखला जाई. अभ्यासकांनी त्याच्या चार प्रजाती केल्या आणि पश्चिम घाटातल्या प्रजातीला काळिंग हे कन्नड नाव दिलं. मूळ पुस्तक त्याआधीचं. अनुवादकाने गुपचूप नाव बदलायचं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. पुस्तक लेखकाचं आहे. आणि चूक दिसत असताना तशीच पुढे ढकलायची का? तेही नाही. मी लेखकांना पत्र लिहिलं, कुठल्या पानावर काय आहे आणि आता काय मानतात ते सांगितलं. त्यांनी आनंदाने मराठी आवृत्तीपुरती दुरुस्ती दिली. रोमनमध्ये ते नाव दोन 'ए', मग 'एल' असं लिहितात. रोमनमध्ये 'ळ' नाही म्हणून तिथे तो हरवला. पुस्तकाच्या शेवटी देवनागरीत दिलेल्या उच्चारसूचीत मी "काळिंग" लिहिलं आणि तो परत आला.

मराठी विश्वकोशात लॅटिन नावं देवनागरीत देतात आणि वाचणाऱ्याला ती सोपी जातात. मग मी रोमन का ठेवली? वनरक्षकाला ते नाव उद्या फोनवर शोधावं लागेल म्हणून. वडाच्या नावातला पहिला शब्द फायकस, फिकस, फाइकस असा तीन अनुवादक तीन तऱ्हेने लिहितील आणि त्यावरून मूळ स्पेलिंग कुणालाच काढता येणार नाही. वडाच्या नावातल्या बेंघालेन्सिसमध्ये 'एच' आहे, नीलपंखाच्या नावातही आहे, पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या नावात तो नाही. पहिल्यांदा नाव देणाऱ्याने जसं लिहिलं तसंच राहतं. माझ्या संगणकाने तो 'एच' दोनदा उडवला, मग मी इंग्रजीची आपोआप दुरुस्तीच बंद केली. म्हणून मजकुरात रोमन, आणि शेवटी उच्चारसूची देवनागरीत, कारण वर्गात शिक्षकाला ते मोठ्याने म्हणायचं असतं.

पहिली प्रुफं आली ती एका पावसाळी दुपारी. पाकीट उघडलं आणि पोटात गोळा आला. रोमन नावांच्या जागी देवनागरीचे तुकडे सांडले होते, अर्धी अक्षरं, सुटे काने, मध्येच एक 'ष्ठ'. छपाईसाठी युनिकोड नसलेला जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरतात, त्यात प्रत्येक रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एकेक तुकडा बसवलेला असतो. जुळणी करणाऱ्याने सगळा मजकूर एकदम निवडून तो फॉन्ट लावला होता. तीनशेहून जास्त नावं गेली. तक्ता होता म्हणून निभावलं. मी तीन दिवस जुळणी करणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसले आणि तक्त्यातलं एकेक नाव आम्ही पुन्हा घातलं. तिरपा टाइप फक्त रोमनला, देवनागरीला नाही. तिरपी देवनागरी वाऱ्याने कललेल्या भातासारखी दिसते.

दुसऱ्या प्रुफात कंस गेले होते. प्राण्यांच्या नावापुढे ते पहिल्यांदा देणाऱ्याचं नाव आणि साल असतं. मोराच्या पुढे लिनियस, 1758 असं कंसाशिवाय आहे. लिनियस म्हणजे ही दोन शब्दांची नावं रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ. नागाच्या पुढे तेच लिनियस, 1758, पण कंसात. कारण लिनियसने मोराला ज्या वंशात ठेवलं तिथेच तो आजही आहे, आणि नागाला त्याने दुसऱ्या वंशात ठेवलं होतं, तिथून तो नंतर हलवला गेला. प्रुफं तपासणाऱ्याला वाटलं की कुठे कंस आहे, कुठे नाही, म्हणजे गबाळेपणा, म्हणून त्याने सगळे काढून टाकले. मेहनती माणूस, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तक्त्यात मी आणखी एक रकाना वाढवला, "कंस: हो/नाही".

आणि ते तिसरं वाक्य. ते मे महिन्यातच सुटलं होतं. आईला मी माझी अडचण सांगितली, जांभ्यावर जांभा. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग सडा म्हण की. तुझे बाबा गुरं घेऊन सड्यावरच जायचे." सडा! जांभ्या दगडाचं उघडं पठार. लहानपणापासून वापरलेला शब्द मला शब्दकोशात शोधताना सुचला नव्हता. "सड्याच्या उतारावर जांभ्याची झाडं जास्त आढळतात." छापलं गेलं ते हेच वाक्य.

शेवटच्या प्रुफात उच्चारसूची तपासताना एका बेडकापाशी थांबले. गोव्यातल्या सड्यांवरच्या पाणथळीत राहणारा हा लहान बेडूक. 2018 मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, आणि आता त्याचं नाव मिनर्वारिया या वंशात आहे. दुसरा शब्द कोणीतरी अक्षर न् अक्षर वाचून लिहिला होता, "गोएमची". रोमन लिपीत कोंकणी लिहिताना शब्दातला अनुस्वार 'एम' ने दाखवतात हे गोव्याबाहेरच्या माणसाला कसं ठाऊक असणार? मी लाल पेनाने खोडलं आणि बाजूला लिहिलं, "गोंयची".